‘अजून नाही’ म्हणणारा माणूस

नव्या कंपनीच्या माहितीपत्रकात माणसांचं एक पान हमखास असतं. संचालकांचे फोटो, त्याखाली चार-चार ओळींत त्यांचा पूर्वेतिहास: कुठली आयआयटी, कुठलं अमेरिकी विद्यापीठ, आधी कोणत्या कंपनीत कोणतं पद. शेजारी गुंतवणूकदारांची बोधचिन्हं. हरित तंत्रज्ञानाच्या कंपन्यांमध्ये या पानाला फार वजन येतं, कारण बाकीचं बहुतेक काही वाचणाऱ्याला तपासता येत नाही. उत्प्रेरक किती दिवस टिकतो, बॅटरीचे किती सेल रोज बाद होतात, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. मग तो माणसं पाहतो आणि मनाशी म्हणतो, एवढी मोठी माणसं आहेत, म्हणजे काहीतरी असणारच. असा विचार एकटा छोटा भागधारकच करत नाही. बँका करतात, आणि जमीन, वीज व करसवलत देणारी राज्य सरकारंही करतात.

हे पान वाचायलाच हवं. पण आपण त्यात जे शोधतो ते अपुरं आहे, असं माझं मत आहे. कोण किती उंच चढला एवढं त्यावरून कळतं. कारखाना नीट चालत नसताना ‘अजून नाही, थांबा’ असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे, आणि ते ऐकून थांबण्याइतकी सवड कोणाच्या पैशाला आहे, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. स्वच्छ ऊर्जेच्या कंपन्यांचं भवितव्य माझ्या मते मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतं.

अमेरिकेतल्या किऑर या कंपनीचं उदाहरण मी मुद्दाम घेतो. तिचं माणसांचं पान असं होतं, की त्यात आणखी कोणाची भर घालावी हे सुचू नये. नोव्हेंबर २००७ मध्ये ती सुरू झाली. कल्पना पॉल ओ’कॉनर या रसायनतज्ज्ञाच्या बायोइकॉन या छोट्या डच कंपनीची आणि पैसा विनोद खोसला यांच्या खोसला व्हेंचर्सचा. पेट्रोलियम रिफायनरीत जड तेलाचे मोठे रेणू तोडण्यासाठी उत्प्रेरकाची तापलेली भुकटी वापरतात. तेलाची वाफ आणि भुकटी एकत्र उसळत वर जातात, काही सेकंदांत रेणू तुटतात, भुकटीवर कोळशाचा थर बसतो, तो दुसऱ्या भांड्यात जाळला जातो आणि भुकटी पुन्हा कामाला लागते. ही पद्धत १९४० च्या दशकापासून जगभर चालू आहे. किऑरने ठरवलं की तेलाच्या जागी लाकडाचा भुसा घालायचा. त्यातून निघेल ते जैविक कच्चं तेल, आणि ते शुद्ध केलं की पेट्रोल व डिझेल. इथेनॉलसारखी मिसळण्याची मर्यादा नाही, इंजिनात बदल करायला नको. कल्पना सुंदर होती. मला ती आजही सुंदर वाटते.

अडचण लाकडाची होती. तेल वाहतं, लाकूड वाहत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, आणि तो काढून टाकताना बराचसा कार्बनही कोळसा आणि वायू होऊन हातातून जातो. लाकडाच्या राखेतले पोटॅशियम-कॅल्शियमसारखे धातू उत्प्रेरकाची ताकद मारतात. डांबरासारखा चिकटा नळ्यांमध्ये साठतो. प्रयोगशाळेत यातला एकेक प्रश्न वेगळा काढून सोडवता येतो. कारखान्यात मात्र ते सगळे एकाच वेळी, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने सुटलेले असावे लागतात. रासायनिक कारखाने म्हणूनच पायरीपायरीने मोठे करतात: आधी टेबलावरचं उपकरण, मग पायलट प्लांट, मग प्रात्यक्षिकाचा छोटा कारखाना, आणि तो पुरेसा काळ चालल्यावर व्यापारी कारखाना. दर पायरीला साधारण दसपट वाढ केली तर ती सांभाळता येते, असं जुने अभियंते सांगतात.

आता किऑरच्या माणसांकडे वळू. खोसला जन्माने पुण्याचे, शिकले आयआयटी दिल्लीत. १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स उभी करणाऱ्या चौघांपैकी ते एक. १९८६ पासून क्लायनर पर्किन्स या प्रख्यात गुंतवणूक संस्थेत, तिथे ज्युनिपर नेटवर्क्सवर लावलेल्या छोट्या रकमेचे अब्जावधी डॉलर झाले, आणि २००४ पासून त्यांचा स्वतःचा फंड. मुख्याधिकारी फ्रेड कॅनन रिफायनरीच्या उत्प्रेरकांच्या धंद्यातून आले होते, म्हणजे नेमक्या याच यंत्राची नस जाणणारे. संचालक मंडळावर २०११ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस आल्या. इंधन घेऊ म्हणणाऱ्यांमध्ये फेडएक्स होती, शेव्हरॉन आणि वेअरहॉइझर यांची संयुक्त कंपनी होती. पुढे २०१३ मध्ये बिल गेट्स यांच्या गुंतवणूक संस्थेनेही पैसे घातले.

मिसिसिपी हे अमेरिकेतलं गरीब राज्य. तिथे पाइनची जंगलं आहेत आणि कागद-लाकडाच्या धंद्यातला रोजगार आटत चालला होता. २०१० मध्ये गव्हर्नर हेली बार्बर यांच्या सरकारने किऑरला साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं. बदल्यात कंपनीने पन्नास कोटी डॉलरची गुंतवणूक आणि हजार रोजगार, असं वचन दिलं. जून २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि १५ डॉलरच्या भावाने शेअर विकून तिने १५ कोटी डॉलर उभे केले. तोवर विक्रीला एक लिटरही इंधन तयार झालेलं नव्हतं. प्रात्यक्षिकाचा कारखाना दिवसाला दहा टन लाकडाचा होता आणि तो सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. कोलंबस या गावी उभारायला घेतलेला कारखाना दिवसाला पाचशे टनांचा होता. एका उडीत पन्नासपट.

माहितीपत्रकात एक आकडा छापलेला होता: एक टन कोरड्या लाकडामागे ६७ गॅलन इंधन, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर. पुढे तो ९२ पर्यंत नेण्याचं उद्दिष्ट. कंपनीचं सगळं अर्थकारण त्या एका आकड्यावर उभं होतं. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१६ मध्ये कंपनीवर आणि तिच्या माजी मुख्याधिकाऱ्यावर आरोप ठेवले, ते याच आकड्याबद्दल. तो ज्या गृहीतकांवर बेतला होता ती प्रत्यक्षात तपासून सिद्ध झालेली नव्हती आणि गुंतवणूकदारांना हे सांगितलं गेलं नाही, असं नियामकाचं म्हणणं होतं.

कोलंबसचा कारखाना वीस कोटी डॉलरहून जास्त खर्चून उभा राहिला. मार्च २०१३ मध्ये तिथून पहिलं डिझेल बाहेर पडलं. क्षमता वर्षाला एक कोटी तीस लाख गॅलनची. त्या पूर्ण वर्षात दहा लाख गॅलनही निघाले नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये कारखाना बंद झाला, त्या वर्षीच्या ९ नोव्हेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला. मिसिसिपीचं बहुतेक सगळं कर्ज तेव्हा थकलेलं होतं. पुढे लिलावात कारखाना कवडीमोलाने गेला.

या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. मिसिसिपीच्या महाधिवक्त्यांनी २०१५ मध्ये खोसला, कॅनन आणि इतरांवर दावा लावला. त्यातले मुद्दे आरोप आहेत आणि आरोप म्हणूनच धरायला हवेत. पण त्यात म्हटलं होतं की ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्या ओ’कॉनर यांनीच २०११ मध्ये संचालकांना लिहून कळवलं होतं, की उतारा कमी पडतो आहे आणि इतक्या घाईने मोठा कारखाना उभारणं बरोबर नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही आणि त्याच वर्षी ते संचालक मंडळावरून गेले. कंपनीच्या शेअरांचे दोन वर्ग होते. बाजारात लोकांना विकलेल्या शेअरला एक मत, आणि आधीच्या गुंतवणूकदारांकडच्या दुसऱ्या वर्गाच्या शेअरला दहा मतं. म्हणजे मंडळावर कितीही नामवंत बसले तरी निर्णयाची चावी एकाच हातात होती.

ज्ञान त्या खोलीत होतं. उत्प्रेरकाचा शोध लावणारा होता, रिफायनरी कोळून प्यालेला मुख्याधिकारी होता. त्यामुळे ‘संगणकवाल्यांना रसायन कळत नाही’ असं एका वाक्यात जे स्पष्टीकरण दिलं जातं ते मला पटत नाही. खोसला यांच्याच पैशावर उभी राहिलेली रेंज फ्युएल्स ही दुसरी कंपनी या स्पष्टीकरणात नीट बसते. जॉर्जिया राज्यातल्या सोपर्टन गावी लाकडापासून इथेनॉल काढायला निघालेल्या त्या कंपनीचे मुख्याधिकारी मिच मँडिच पूर्वी ॲपलचे विक्रीप्रमुख होते. संगणक विकण्यात निष्णात, पण लाकडाच्या वायूशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता. तीही कंपनी केंद्र सरकारचं अनुदान आणि कर्जहमी घेऊन २०११ च्या सुरुवातीला बंद पडली. मात्र किऑरने पुढच्या वेळी धंदा जाणणारा माणूस नेमला, तरी शेवट तसाच झाला. नुसता अनुभव आणून प्रश्न सुटत नाही, हे त्यावरून दिसतं. अनुभवी माणसाचं वाक्य निर्णयापर्यंत पोहोचतं की मध्येच जिरतं, हे पाहावं लागतं.

ते का जिरतं, हे समजायला पैशाकडे यावं लागेल. साहस भांडवलाचा फंड साधारण दहा वर्षांसाठी बांधलेला असतो. त्यातला पैसा बहुतांशी दुसऱ्यांचा: पेन्शन फंड, विद्यापीठांच्या ठेवी, श्रीमंत कुटुंबं. पहिल्या चार-पाच वर्षांत पैसे कंपन्यांमध्ये घालायचे आणि उरलेल्या काळात शेअर बाजारातून किंवा कंपनी विकून ते बाहेर काढायचे. सॉफ्टवेअरला हे वेळापत्रक शोभतं, कारण तिथे चूक दुरुस्त करायला एक रात्र पुरते आणि दुसरा ग्राहक जोडायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. नवी रासायनिक प्रक्रिया प्रयोगशाळेतून निघून व्यापारी कारखान्यात स्थिरावायला पंधरा वर्षं सहज लागतात, आणि प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा जास्त पैसा लागतो. एमआयटीत २०१६ मध्ये बेन गॅडी, वरुण शिवराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार २००६ ते २०११ या काळात अमेरिकी साहस भांडवलाने स्वच्छ तंत्रज्ञानात २५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घातली आणि निम्म्याहून अधिक गमावली. सर्वांत वाईट हाल झाले ते नवी द्रव्यं, नवी रसायनं आणि नव्या प्रक्रिया घेऊन उतरलेल्या कंपन्यांचे.

फंडाला घाई असली की कंपनी लवकर शेअर बाजारात जाते, आणि बाजारात जाताना आकडा छापावा लागतो. इथे सगळं बदलतं. तोवर ६७ हा अभियंत्यांचा अंदाज असतो. त्यावर सकाळी भांडता येतं, संध्याकाळी तो ५० करता येतो. माहितीपत्रकात छापला की तो कायदेशीर विधान होतो, भावाचा पाया होतो, आणि कंपनीतल्या प्रत्येकाच्या शेअरची किंमत त्याला चिकटते. मग उतारा पडलेला दिसणारा ऑपरेटर, त्याचा शिफ्ट इंजिनिअर, त्याचा व्यवस्थापक, या प्रत्येकाला खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते. कोणीही उघड खोटं बोलत नाही असं गृहीत धरलं, तरी बातमी प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गोड होत वर जाते.

याच खोसलांच्या पैशाची आणखी एक कंपनी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. लँझाटेक २००५ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली. पोलाद कारखान्याच्या धुराड्यातून जाणारा कार्बन मोनॉक्साइड जिवाणूंना खाऊ घालायचा आणि त्यांच्याकडून इथेनॉल करून घ्यायचं, अशी तिची प्रक्रिया. २०१० मध्ये तिच्या प्रमुख झाल्या जेनिफर होमग्रेन, रिफायनरीची तंत्रं विकणाऱ्या यूओपी या कंपनीत वाढलेल्या. रेंज फ्युएल्सचं सोपर्टनचं बंद पडलेलं आवार पुढे याच कंपनीने विकत घेतलं. तिचा पहिला व्यापारी कारखाना चीनमधल्या शौगांगच्या पोलाद कारखान्यात २०१८ मध्ये सुरू झाला, म्हणजे तेरा वर्षांनी. शेअर बाजारात ती आली २०२३ मध्ये. बाजारात आल्यावर तिचीही वाट बिकट झाली आणि भाव कोसळला, हे सांगायला हवं. तरीही किऑर चार वर्षांत बाजारात गेली आणि लँझाटेक अठराव्या वर्षी, हा फरक मोठा आहे. गुंतवणूकदार एकच, पण एकीकडे आकडा छापण्याआधी कारखाना चालून दाखवण्याची मुभा मिळाली.

खोसला यांच्याबद्दल एक गोष्ट न्यायाने म्हटली पाहिजे. अपयशाची तयारी ठेवल्याशिवाय मोठं काही घडत नाही, हे ते जाहीरपणे सांगत आले आहेत, आणि किऑरमध्ये त्यांनी स्वतःचा पैसा अगदी शेवटच्या काळापर्यंत ओतला. पळून जाणाऱ्यांपैकी ते नव्हेत. दहा कंपन्यांपैकी नऊ बुडाल्या तरी दहावी सगळं भरून काढते, हा त्यांच्या धंद्याचा हिशेब आहे आणि त्यांच्यापुरता तो खरा आहे. मिसिसिपीच्या तिजोरीला मात्र दहा कंपन्या नव्हत्या. एकच होती. अपयश पचवण्याची ताकद दोघांची सारखी नसताना जोखमीचा वेग मात्र एकाच पक्षाने ठरवला, ही माझी तक्रार आहे.

मोठ्या, जुन्या कंपन्यांना तरी हे जमतं का? ड्यूपाँटला रसायनांचा दोनशे वर्षांचा अनुभव. आयोवा राज्यातल्या नेवाडा गावी तिने मक्याच्या धाटांपासून इथेनॉल करण्याचा कारखाना वीस कोटी डॉलरहून जास्त खर्चून उभारला, ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि दोन वर्षांत तो बंद करायचं ठरलं. निसर्ग कोणाचाही पूर्वेतिहास विचारत नाही. पण ड्यूपाँट त्या कारखान्याबरोबर बुडाली नाही. एक प्रयोग फसला, तो बंद केला, इतकंच. ज्यांच्याकडे दुसरी मिळकत असते त्यांना ‘जमलं नाही’ म्हणता येतं. ज्या कंपनीकडे तो एकच कारखाना आणि तो एकच छापील आकडा असतो, तिला ते म्हणताच येत नाही.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या असतो. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे तो ठरवतो. ऊस मालकाचा, काहील मालकाची, जळण मालकाचं, बाजारात गाडी लागलेली असते, तरी गुळव्याने मान हलवल्याशिवाय काहील उतरत नाही. मालक त्याच्यावर ओरडत नाही, कारण पाच मिनिटांच्या घाईने अख्खी काहील वाया जाते हे दोघांनाही ठाऊक असतं. कंपनीच्या माणसांच्या पानात मला हा गुळव्या शोधावासा वाटतो. तो कोण आहे, आणि त्याने मान हलवली नाही तर काय होतं?

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजकडे या नजरेने पाहिलं तर काही गोष्टी उलगडतात. आयआयटी मुंबईतून १९७१ मध्ये बाहेर पडलेल्या प्रमोद चौधरी यांनी ती १९८३ मध्ये सुरू केली. घरात उद्योगाची परंपरा नाही, पहिल्या पिढीचा उद्योजक. साखर कारखान्यांची मळी आंबवून अल्कोहोल काढण्याच्या डिस्टिलऱ्या उभारणं, हा तिचा मूळ धंदा. मळी दर हंगामात बदलते, यीस्ट रुसतं, सांडपाण्याचा प्रश्न गळ्याशी येतो, आणि पैसे अडकवून बसलेला कारखान्याचा संचालक रोज फोन करतो. या शाळेत शिकलेली माणसं कागदावरच्या उताऱ्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत. विशेष म्हणजे याच प्राजमध्ये २००६ च्या सुमारास खोसला यांनीही हिस्सा घेतला होता. पण तेव्हा प्राज ही आधीच नफ्यात चालणारी, बाजारात नोंदलेली कंपनी होती. तिचा वेग बाहेरून आलेल्या पैशाने ठरणार नव्हता.

पेंढा, चिपाड यांच्यापासून इथेनॉल करण्याचं, ज्याला दुसऱ्या पिढीचं इथेनॉल म्हणतात, ते संशोधन प्राजने स्वतःच्या केंद्रात दीर्घकाळ चालवलं. खर्च निघत होता डिस्टिलऱ्यांच्या कमाईतून. दौंड तालुक्यात प्रात्यक्षिकाचा कारखाना २०१७ मध्ये सुरू झाला. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प प्राजच्या तंत्रावर उभा राहिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. नऊशे कोटींहून जास्त खर्च, वर्षाला दोन लाख टन पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित. हे काम सोपं झालं आहे असं मी म्हणणार नाही. पेंढ्यात सिलिका असते, शेतातली माती-वाळू येते, ती यंत्रं झिजवते. वर्षभराचा पेंढा दोन महिन्यांत गोळा करून साठवावा लागतो. उद्या हे तंत्र परवडलं नाही तरी प्राज उभी राहील आणि इंडियन ऑइलही उभी राहील. कोणाच्या आयुष्याची पुंजी त्या एका भट्टीत अडकलेली नाही. दुसऱ्या पिढीचं इथेनॉल फसू शकतं हे इथे मोकळेपणाने मान्य करता येतं, आणि मान्य करता येतं म्हणून त्यावर खरं कामही होऊ शकतं.

यावर कोणी म्हणेल, मग तरुणांनी नवं काही करायचंच नाही का? जुन्या कमाईवर संशोधन चालवायला आधी तीस वर्षांचा धंदा हवा, तो पंचविशीतल्या मुलाने कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर एथर एनर्जीत सापडतं. तरुण मेहता आणि स्वप्निल जैन आयआयटी मद्रासमधून बाहेर पडले आणि २०१३ मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. विजेची स्कूटर करायची, तीही बाहेरून आणलेले भाग जोडून नाही तर बॅटरी पॅकपासून स्वतः घडवून. दोघांच्याही नावावर कारखाना चालवण्याचा अनुभव नव्हता. माणसांच्या पानावर त्यांच्याबद्दल लिहायला फारसं काही मिळालं नसतं. २०१४ मध्ये फ्लिपकार्टच्या बन्सल जोडीने पैसे घातले, पुढच्या वर्षी टायगर ग्लोबलने. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी स्कूटर लोकांना दाखवली. ती ग्राहकांच्या हाती पडायला २०१८ उजाडलं.

या मधल्या दोन-अडीच वर्षांत कंपनी मेली असती. ऑक्टोबर २०१६ मध्ये हिरो मोटोकॉर्पने २०५ कोटी रुपयांची गुंतवणूक केली. मला हा या कहाणीतला निर्णायक क्षण वाटतो. हिरोचा पैसा फंडाचा नव्हता, दहा वर्षांनी परत करायचा नव्हता. आणि दुचाकी बाजारात आणायला किती वेळ लागतो, साचे किती वेळा बदलावे लागतात, पुरवठादार कसा अडवतो, हे हिरोच्या माणसांना कोणी समजावून सांगायला नको होतं. ‘अजून नाही’ या वाक्याचा अर्थ कळणारा गुंतवणूकदार मिळाला, आणि ते वाक्य म्हणणारे दोघं गाडी स्वतः घडवणारे होते. २०२५ मध्ये एथर शेअर बाजारात आली तेव्हा तोट्यातच होती, आणि तिचा सर्वांत मोठा भागधारक हिरोच होता. ही कंपनी पुढे टिकेल की नाही हे बाजार ठरवेल. पण बाजारात येताना तिच्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या होत्या आणि त्यांचे दोष सांगणारे ग्राहक होते.

संस्थापकाचं वय किंवा त्याच्या नावापुढच्या कंपन्या यांपेक्षा संस्थापक आणि गुंतवणूकदार यांची जोडी कशी जमते ते पाहावं, असं मी म्हणतो ते यामुळे. नवख्या अभियंत्याला धंद्याची माहिती असलेला, सवड असलेला पैसा मिळाला तर तो शिकू शकतो. अनुभवी अभियंत्याला घाईतला पैसा मिळाला तर त्याचा अनुभव वाया जातो. दुसऱ्या प्रकारची कंपनी कागदावर अधिक भारदस्त दिसते, धोका तिथे आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. एथरचा नवा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला करण्याचं ठरलं आहे. राज्याने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद ठरवली. साखर कारखान्यांच्या आवारात प्रेसमडपासून बायोगॅस, चिपाडापासून इथेनॉल, असे प्रस्ताव घेऊन कंपन्या येत आहेत आणि पुढे जास्त येतील. सहकारी कारखान्याने अशा प्रकल्पात पैसा घातला तर तो सभासदांच्या उसाच्या बिलातून आलेला असतो, जिल्हा बँकेच्या कर्जातून आलेला असतो, आणि कधी त्यामागे सरकारची हमी असते. त्या सभासदाकडेही मिसिसिपीसारखी एकच कंपनी असते. बुडणाऱ्या नऊ आणि तारणारी दहावी, हा हिशेब त्याच्या कामाचा नाही.

अशा वेळी सार्वजनिक पैसा देणाऱ्यांनी काय मागावं? आपले सामंजस्य करार बहुधा गुंतवणुकीची रक्कम आणि रोजगाराची संख्या यांवरच संपतात. मिसिसिपीत कंपनीने दिलेली वचनंही याच दोन गोष्टींची होती. त्यातली एकही यंत्राबद्दल काही सांगत नाही. बांधकामावर पैसे खर्च झाले की गुंतवणूक झालीच, मग यंत्र चालो वा न चालो. त्याऐवजी अनुदानाचे आणि कर्जाचे हप्ते प्रात्यक्षिकाच्या कारखान्यातल्या सलग चालण्याच्या तासांना जोडावेत. एक हजार तास न थांबता चालला, मोजलेला उतारा इतका आला, तर पुढचा हप्ता. तो उतारा कंपनीने कळवायचा नाही, सरकारने नेमलेल्या स्वतंत्र अभियंत्याने मोजायचा आणि थेट सरकारला कळवायचा. आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) किंवा एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांसारख्या संस्था आपल्या राज्यातच आहेत, अशा मोजणीला लागणारं ज्ञान दूर शोधायला नको.

आणि माणसांच्या पानासोबत आणखी एक पान मागून घ्यावं. कोणत्या गुंतवणूकदाराचा फंड कोणत्या वर्षी उघडला आणि कोणत्या वर्षी मिटणार आहे. कोणाच्या शेअरला किती मतं आहेत. तंत्रज्ञानाचा प्रमुख कोणाला उत्तरदायी आहे, आणि व्यापारी कारखान्याचं बांधकाम सुरू करण्याच्या निर्णयावर त्याची लेखी संमती लागते की नाही. तो राजीनामा देऊन गेला, तर ते कर्ज देणाऱ्याला किती दिवसांत कळवायचं, हेही करारात असावं. ओ’कॉनर २०११ मध्ये गेले तेव्हा कोलंबसच्या कारखान्याचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं आणि राज्याच्या कर्जातला बराच पैसा वाचवता आला असता.